बोट कोणत्या पेरापासून गेलं? कामगार नुकसानभरपाईतल्या वैद्यकीय नोंदी कशा सांभाळायच्या

पॉवर प्रेसवर काम करणारा एक ऑपरेटर धरा. वय ३०, पगार महिना २४,००० रुपये. उजव्या हाताची तर्जनी प्रेसमध्ये सापडली. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या पहिल्या अनुसूचीप्रमाणे तर्जनी पूर्ण गेली तर कमाईची क्षमता १४ टक्के घटली असं धरतात. दोन पेरं गेली तर ११ टक्के, एक पेर गेलं तर ९, आणि हाड शाबूत राहून नुसता शेंडा तुटला तर ५. जानेवारी २०२० पासून हिशेबाला धरायचा पगार जास्तीत जास्त १५,००० आहे. त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००. तिसाव्या वर्षाचा गुणक (वयाप्रमाणे कायद्याच्या तक्त्यात दिलेला आकडा) २०७.९८. गुणाकार होतो १८,७१,८२० रुपये. त्याच्या १४ टक्के म्हणजे सुमारे २ लाख ६२ हजार, आणि ९ टक्के म्हणजे सुमारे १ लाख ६८ हजार.

आता दवाखान्याच्या डिस्चार्ज कार्डावर काय लिहिलेलं असतं? ‘क्रश इंज्युरी, राइट हँड.’ बस्स. पेराचा उल्लेख नाही, बोटाचं नाव नाही. डॉक्टरांच्या दृष्टीने काम झालं, जखम शिवली, रुग्ण घरी गेला. पण त्या एका अपुऱ्या ओळीत ९४ हजार रुपये अडकलेले आहेत. इलाजासाठी लिहिलेली नोंद आणि भरपाईसाठी लागणारी नोंद सारखी नसते. दोन्हींचा मेळ घालायचं काम कारखान्यातल्या एचआरचं, सेफ्टी ऑफिसरचं किंवा कामगार कल्याण अधिकाऱ्याचं, आणि लहान वर्कशॉपमध्ये थेट मालकाचं. हा लेख त्यांच्यासाठी आहे. युनियनच्या प्रतिनिधींनी आणि कामगारांच्या घरच्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण कंपनीने जे ठेवलं नाही ते बऱ्याचदा त्यांनाच जमवावं लागतं.

आधी ठरवा, प्रकरण कोणत्या वाटेने जाणार

कागद गोळा करण्याआधी एक प्रश्न सुटला पाहिजे: कामगार ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, आहे का? महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेले (दिव्यांगांसाठी ही मर्यादा २५,०००) आणि ईएसआय लागू असलेल्या आस्थापनेत काम करणारे कामगार त्यात येतात. त्यांची भरपाई ईएसआय महामंडळ देतं. तात्पुरत्या अपंगत्वासाठी सरासरी रोजाच्या ९० टक्के, आणि कायमच्या अपंगत्वासाठी वैद्यकीय मंडळाने ठरवलेल्या टक्केवारीप्रमाणे दरमहा रक्कम. अशा कामगाराला त्याच इजेसाठी मालकाकडून १९२३ च्या कायद्याखाली वेगळी भरपाई मागता येत नाही. वरच्या उदाहरणातला ऑपरेटर २४,००० वर आहे, म्हणून तो ईएसआयबाहेर. त्याची भरपाई मालकाने द्यायची, आणि वाद झाला तर नुकसानभरपाई आयुक्तांपुढे जायचं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि १९२३ चा आणि ईएसआयचा हे दोन्ही जुने कायदे तिच्यात सामावले. हिशेबाची चौकट तशीच राहिली असली तरी कलमं, अनुसूचींचे क्रमांक आणि नमुने बदलले आहेत, बदलत आहेत. म्हणून प्रत्येक फाईलच्या पहिल्या पानावर अपघाताची तारीख ठळक लिहा. जुना कायदा की नवी संहिता, कोणती वेतनमर्यादा, कोणती अधिसूचना, हे सगळं त्या तारखेवरून ठरतं. रक्कम भरताना त्या दिवशी लागू असलेली अधिसूचना काढून बघा. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी करून ठेवलेल्या एक्सेलच्या भरवशावर राहू नका.

ईएसआयच्या बाबतीत एक गोष्ट अपघाताच्या कितीतरी आधी करायची असते. कामगाराची नोंदणी कामावर रुजू होण्याच्या दिवशीच करा, आणि त्याच्या दहा अंकी विमा क्रमांकावरचं नाव, जन्मतारीख, वारसांची माहिती आधारशी जुळते का ते तेव्हाच पाहा. अपघात सकाळी आणि नोंदणी दुपारी, असं दाखवणारी संगणकातली वेळ नंतर कुणाला पुसता येत नाही. ठेकेदाराच्या कामगारांबाबत तर हे आणखी कसून करा. ठेकेदार बदलला, माणूस त्याच मशीनवर राहिला आणि विमा क्रमांक मात्र भलत्याच कोडखाली गेला, हे औद्योगिक वसाहतींत नेहमीचं आहे.

पहिला दिवस

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा.

जखमी माणूस दवाखान्यात पोहोचला की ड्युटीवरचा डॉक्टर विचारतो, ‘काय झालं?’ त्या उत्तराची एक ओळ केस पेपरवर जाते. सोबत गेलेला सुपरवायझर घाबरलेला असतो. पोलिस नकोत, तपासणी नको म्हणून तो ‘घरी पडला’ किंवा ‘गाडीवरून पडला’ असं सांगून मोकळा होतो. कामगार वेदनेने अर्धा बेशुद्ध असतो, तो काही बोलत नाही. पुढे वर्षभराने आयुक्तांपुढे हाच केस पेपर उघडला जातो आणि अपघात कामावर झालाच नाही असा वाद उभा राहतो. कधी मालकाची विमा कंपनी तो काढते, कधी दुसराच कुणी. खोटी ओळ मालकाच्या फायद्याची वाटते, पण विमा कंपनीने त्याच ओळीवर दावा नाकारला की पैसे मालकाच्याच खिशातून जातात.

तेव्हा सोबत जाणाऱ्याच्या हाती एक छापील चिठ्ठी द्या. तिच्यावर एवढंच: कामगाराचं नाव आणि वय, कारखान्याचं नाव, विभाग, मशीन, अपघाताची तारीख आणि वेळ, कोणता अवयव, कसा सापडला. ‘डाय बदलताना स्ट्रोक पडला, उजव्या हाताची तर्जनी व मधलं बोट डायखाली आलं’ इतकं साधं. चूक कुणाची, गार्ड होतं की नव्हतं, यातलं काहीही चिठ्ठीत नको. ती चौकशी वेगळ्या कागदावर होते. चिठ्ठीची एक प्रत दवाखान्यात द्या, एक फाईलला लावा. दवाखान्याने एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद) केली तर तिचा क्रमांक आणि पोलिस ठाण्याचं नाव लगेच टिपून घ्या, नंतर तो शोधण्यात आठवडे जातात.

डॉक्टरांनी केस पेपरवर ‘दारूचा वास’ असं लिहिलं तर ते खोडायला सांगू नका. नसेल तर लिहायलाही सांगू नका. नशेत झालेल्या अपघातात मालकाला बचाव मिळू शकतो, पण मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर तो बचाव चालत नाही. वैद्यकीय कागदावर हात फिरवलेला दिसला की बाकीची खरी कागदपत्रंही संशयात येतात.

जखमेचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची सवय मात्र आजच बंद करा. ‘प्लांट सेफ्टी’ नावाच्या ग्रुपवर ठेकेदार असतो, कँटीनवाला असतो, नोकरी सोडून गेलेला जुना सुपरवायझरही असतो. फोटो लागतोच. तो एका नेमलेल्या माणसाने काढावा, तारीख-वेळेसह फाईलमध्ये ठेवावा, आणि मोबाइलमधून काढून टाकावा.

त्याच दिवशी अपघात नोंदवहीत नोंद करा आणि ईएसआयचा कामगार असेल तर पोर्टलवर अपघात अहवाल भरा. तो आजवर नमुना १२ म्हणून ओळखला जात होता. ईएसआयबाहेरच्या प्रकरणात मृत्यू किंवा गंभीर इजा असेल तर १९२३ च्या कायद्यात आयुक्तांना सात दिवसांच्या आत कळवायची तरतूद होती. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला द्यायची सूचना वेगळी. या सगळ्या ठिकाणी वेळ, मशीन आणि अवयव एकच असला पाहिजे. एका अहवालात सकाळी साडेनऊ आणि दुसऱ्यात साडेदहा, एकीकडे डावा हात आणि दुसरीकडे उजवा, असल्या चुका फाईल वर्षभर अडवून ठेवतात. एकच मूळ नोंद तयार करा आणि बाकी सगळे नमुने तिच्यावरून भरा.

फाईल कशी लावायची

प्रत्येक अपघाताला एक क्रमांक द्या आणि फोल्डरचं नाव त्या क्रमांकाने ठेवा, कामगाराच्या नावाने नको. आत चार भाग पुरतात. पहिल्यात घटना: चिठ्ठी, नोंदवहीची प्रत, साक्षीदारांचे जबाब. दुसऱ्यात उपचार: केस पेपर, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे आणि त्यांचे रिपोर्ट, शस्त्रक्रियेच्या नोंदी. तिसऱ्यात पैसा: बिलं, औषधांच्या पावत्या, पगारपत्रक, हजेरीपट, दिलेल्या रकमांच्या नोंदी. चौथ्यात दावा: सूचना, पत्रव्यवहार, प्रमाणपत्रं, आदेश. दुसरा भाग स्वतंत्र कुलपात, म्हणजे संगणकावर वेगळ्या पासवर्डखाली.

स्कॅनला ‘रिपोर्ट नवीन फायनल २’ अशी नावं देऊ नका. कागदाची तारीख, कागदाचा प्रकार, दवाखान्याचं नाव, या क्रमाने नाव दिलं की फोल्डर उघडताच उपचारांचा क्रम डोळ्यांपुढे येतो. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहा, म्हणजे संगणक ती आपोआप ओळीने लावतो. थर्मल कागदावरच्या औषधांच्या पावत्यांची अक्षरं काही महिन्यांत उडतात, त्या आल्या दिवशीच स्कॅन करा. मूळ बिलं मात्र जपा. २००९ च्या दुरुस्तीनंतर कामावरच्या इजेचा प्रत्यक्ष वैद्यकीय खर्च कामगाराला परत मिळतो, भरपाईव्यतिरिक्त, आणि तो पावत्यांवर मिळतो.

दवाखाना कागद देत नाही ही तक्रार सतत ऐकू येते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारविषयक विनियमांत स्पष्ट आहे: रुग्णाने, त्याने अधिकृत केलेल्या माणसाने किंवा कायदेशीर यंत्रणेने नोंदी मागितल्या की ७२ तासांत द्यायच्या. त्याच विनियमांत भरती रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून किमान तीन वर्षं ठेवायला सांगितलंय. तीन वर्षं फार नव्हेत. नुकसानभरपाईची प्रकरणं त्याहून जास्त चालतात. म्हणून शस्त्रक्रियेच्या नोंदींसकट पूर्ण केस पेपर डिस्चार्जच्या वेळीच मागा. अर्ज कामगाराच्या सहीने करा, कंपनीच्या लेटरहेडवर नको. नोंदी त्याच्या आहेत, आणि त्याच्या सहीने मागितल्या तर दवाखान्याला नाही म्हणायला जागा उरत नाही.

बऱ्याच दवाखान्यांत आता निदानाला आयसीडी-१० (आजार आणि इजांचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण) चा कोड लावतात. विमा कंपनीलाही तो आवडतो. पण त्या कोडवर सगळं सोडू नका. एस६८.१ म्हणजे अंगठा सोडून एखादं बोट तुटलं, एवढंच तो सांगतो. तर्जनी की करंगळी, एक पेर की तीन, हे त्यात नाही. भरपाई मात्र नेमकी त्यावरच ठरते. कोड लिहा, शेजारी शब्दांत वर्णनही लिहा.

डॉक्टरांकडून काय लिहून घ्यायचं

प्रमाणपत्र मागताना ‘अपंगत्वाचा दाखला द्या’ असं म्हणून चालत नाही. डॉक्टरांपुढे नेमके प्रश्न ठेवा: कोणता अवयव, कोणती बाजू, कोणत्या पेरापर्यंत किंवा किती अंशांपर्यंत हालचाल, इजा स्थिर झाली आहे की आणखी शस्त्रक्रिया बाकी आहे, तात्पुरतं अपंगत्व कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि माणूस पूर्वीचं काम करू शकतो का.

शेवटचा प्रश्न सगळ्यात जास्त वगळला जातो, आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा. प्रतापनारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या १९७६ च्या खटल्यात एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर तुटला होता. अनुसूचीतली टक्केवारी शंभर नव्हती. पण एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने त्याचं अपंगत्व पूर्ण धरलं. त्याच निकालाने हेही ठरवलं की भरपाई अपघाताच्या दिवसापासून देय होते, आयुक्तांच्या आदेशापासून नव्हे. डॉक्टरांना कामगाराचं काम माहीत नसेल तर ते शरीरापुरतंच लिहिणार. प्रश्नावलीसोबत कामाचं वर्णन जोडा: दोन्ही हातांनी बटण दाबावं लागतं का, किती वजन उचलावं लागतं, बारीक पकड लागते का.

अनुसूचीत नसलेल्या इजांमध्ये, म्हणजे पाठ, खांदा, डोक्याला मार अशा प्रकरणांत, डॉक्टरांनी ठरवलेली कमाईक्षमतेची घटच आधार असते. तिथे टक्क्याच्या आकड्याखाली कारण लिहिलेलं हवं. नुसता आकडा उलटतपासणीत टिकत नाही.

हिशेबाला लागणाऱ्या गोष्टी

गुणक वयाप्रमाणे ठरतो आणि वय म्हणजे रक्कम देय झाली त्याच्या आधीच्या वाढदिवसाला पूर्ण झालेली वर्षं. आपल्या ऑपरेटरची जन्मतारीख चुकीची लिहून तो ३५ चा दाखवला तर गुणक १९७.०६ होतो आणि तर्जनीच्या भरपाईत साधारण पावणेचौदा हजारांचा फरक पडतो. आधार, शाळेचा दाखला आणि पीएफची नोंद यांत फरक असेल तर तो अपघातानंतर नव्हे, भरतीच्या वेळी मिटवा.

उपचार चालू असताना दर पंधरवड्याला मासिक पगाराच्या २५ टक्के द्यायचे असतात. १५,००० च्या मर्यादेत ते ३,७५० होतात. अपंगत्व २८ दिवस किंवा जास्त टिकलं तर पहिल्या दिवसापासून, त्याहून कमी असेल तर पहिले तीन दिवस सोडून. म्हणून हजेरीपटावर ‘रजा’ असं लिहून ठेवू नका, अपघातामुळे गैरहजर अशी वेगळी खूण ठेवा. टक्केवारीवर वाद असेल तरी मान्य असलेली रक्कम अडवून ठेवू नये, कायद्याने ती देणं बंधनकारक आहे. महिन्याहून जास्त उशीर झाला की १२ टक्के व्याज लागतं, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. प्रत्येक रकमेची तारीख आणि बँकेचा व्यवहार क्रमांक तिसऱ्या भागात जायलाच हवा. मृत्यूच्या प्रकरणात पैसे घरच्यांच्या हाती परस्पर देऊ नका, ते आयुक्तांकडे जमा करायचे असतात. हातावर दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरली जात नाही.

कुणी काय पाहायचं

सुपरवायझरला एवढंच कळलं पाहिजे की माणूस कामावर येऊ शकतो का, आणि आला तर काय करू नये. अकाउंट्सला तारखा आणि बिलांच्या रकमा. दावा पाहणाऱ्याला प्रमाणपत्र आणि इजेशी संबंधित नोंदी. बाकी सगळं कारखान्याच्या डॉक्टरकडे किंवा नर्सकडे राहावं. विमा कंपनी ‘संपूर्ण केस पेपर’ मागते तेव्हा तिला विचारा, नेमकं काय सिद्ध करायचं आहे? हाताच्या इजेच्या दाव्याला पाच वर्षांपूर्वीच्या मानसोपचाराचे कागद लागत नाहीत.

शस्त्रक्रियेआधी दवाखान्यात एचआयव्हीची तपासणी होते आणि तिचा रिपोर्ट कधीकधी डिस्चार्जच्या कागदांत टाचलेला येतो. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने ही माहिती त्या माणसाच्या संमतीशिवाय उघड करायला बंदी आहे. असं पान फाईलला आलं तर ते कंपनीच्या नोंदीत घेऊ नका, बंद पाकिटातून कामगाराला परत करा.

वैद्यकीय नोंदी २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत संवेदनशील माहिती म्हणून धरल्या आहेत. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतोय, आणि त्यात सुरक्षेची काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. लहान वर्कशॉपने घाबरून जायचं कारण नाही, पण सामायिक पासवर्ड, सगळ्यांना उघडा ड्राइव्ह आणि सायबर कॅफेतून केलेले स्कॅन या तीन गोष्टी तरी थांबल्या पाहिजेत. कामगाराचं चौदा अंकी आभा खातं (सरकारी डिजिटल आरोग्य खातं) त्याचंच राहू द्या. त्याचा पासवर्ड किंवा ओटीपी एचआरने मागायचा नाही.

हळूहळू होणारे आजार

बोट जातं ते सगळ्यांना दिसतं. सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या बारीक धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, दिसत नाही. दगडखाणीत, फाउंड्रीत किंवा सिरॅमिकमध्ये धूळ खाल्लेल्या माणसाची छाती बऱ्याच वर्षांनी बोलू लागते, तोवर त्याने तीन कारखाने बदललेले असतात. आवाजाने जाणाऱ्या कानांचं तसंच. इथे पुरावा एका दिवसाचा नसतो. रुजू होतानाचा छातीचा एक्स-रे आणि श्रवण तपासणी, मग दरवर्षीच्या तपासण्या, आणि त्यांच्या शेजारी धुळीची किंवा आवाजाची मोजमापं: कोणत्या विभागात, कोणत्या काळात. तपासणीचे रिपोर्ट एका कपाटात आणि धुळीची मोजणी प्रदूषण विभागाच्या फाईलमध्ये असेल तर दोन्ही असूनही काही सिद्ध होत नाही. प्रत्येक कामगाराच्या आरोग्यपत्रकावर त्याने कोणत्या विभागात कधी ते कधी काम केलं ते लिहा. रिपोर्टची प्रत त्याच्या हातात द्या.

ही पत्रकं किती वर्षं ठेवायची? अ‍ॅस्बेस्टॉसच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या खटल्यात मुदत घालून दिली: नोकरी सुरू झाल्यापासून किमान ४० वर्षं, किंवा नोकरी संपल्यावर १५ वर्षं, यांपैकी जे उशिरा संपेल तोवर. धूळ, रसायनं आणि आवाज असलेल्या कोणत्याही कारखान्याने हाच माप धरावा असं मला वाटतं. साध्या अपघातांच्या फाईली दावा आणि अपील पूर्ण मिटेपर्यंत, आणि पुढे काही वर्षं.

चाळीस वर्षांत सॉफ्टवेअर बदलतं, कंपनीचं नाव बदलतं, कधी कारखानाच बंद पडतो. म्हणून आरोग्यपत्रकं पीडीएफसारख्या कुठेही उघडणाऱ्या रूपात ठेवा आणि विक्रेत्याशी करार करतानाच लिहून घ्या की करार संपल्यावर सगळी माहिती वाचता येईल अशा रूपात परत मिळेल. कारखाना विकताना किंवा बंद करताना या फाईली भंगारात जाणाऱ्या लोखंडी कपाटात राहून जातात. हस्तांतराच्या यादीत यंत्रं आणि साच्यांसोबत त्यांचीही नोंद करा. कुलूप लागण्याआधी प्रत्येक कामगाराला त्याचं पत्रक देऊन पोच घ्या.